ब्लूग्रास गिटारमध्ये जॅझ नेमका कुठे ऐकू येतो?

प्रश्न असा आहे: ब्लूग्रास हे अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिण भागातून आलेले, बहुतेक वेळा तीन-चार कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांमध्ये) मावणारे संगीत असताना त्यातले नावाजलेले गिटारवादक जॅझचे ऋण इतक्या आवर्जून का मान्य करतात, आणि पिकने (तारा छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने) ब्लूग्रास वाजवायला शिकणाऱ्याने जॅझचा अभ्यास कितपत करावा? माझे उत्तर आधी थोडक्यात देतो. जॅझकडून ब्लूग्रास गिटारला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट अवघड कॉर्ड ही नव्हे. सुरावट मात्रेच्या नेमक्या कोणत्या जागी ठेवायची याची जाण आणि एकल वादनातूनही कॉर्डचा बदल ऐकू आणण्याची सवय, या दोन गोष्टी तिकडून आल्या. त्यातही त्या मुख्यतः स्विंगमधून, म्हणजे नाचासाठीच्या झुलत्या लयीच्या जॅझमधून आल्या; बीबॉपमधून, म्हणजे त्यानंतरच्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझमधून फार थोड्या. आता हे सविस्तर पाहू.

जॅझ ब्लूग्रासमध्ये १९७०च्या दशकात बाहेरून येऊन मिसळला, असे अनेकदा लिहिले जाते. ते अपुरे आहे. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो केंटकीतल्या ओहायो काउंटीत वाढले. तिथे अर्नोल्ड शुल्ट्झ नावाचे एक कृष्णवर्णीय वादक होते. ते फिडलही (लोकसंगीतातले व्हायोलिन) वाजवत आणि गिटारही, आणि कोवळ्या वयातले मन्रो नाचगाण्याच्या कार्यक्रमांत त्यांना गिटारची साथ करीत. शुल्ट्झ यांचे १९३१ मध्ये निधन झाले आणि त्यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तरीही एका कॉर्डकडून दुसरीकडे जाताना मधल्या कॉर्डची पायरी घेण्याची त्यांची पद्धत त्या भागातल्या गिटारवादकांनी उचलली आणि ती पुढे केंटकीचेच नामवंत गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्यापर्यंत पोहोचली, हे सर्वमान्य आहे. स्वतः मन्रो आपल्या संगीताचे घटक सांगताना ब्लूजबरोबर जॅझचेही नाव घेत. १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्ज यांचा बँजो त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदात आला आणि या संगीताचे रूप पक्के झाले. त्यात गाण्याच्या कडव्यांमध्ये फिडल, बँजो आणि मँडोलिन यांनी आळीपाळीने पुढे येऊन एकल वादन करायचे आणि बाकीच्यांनी मागे सरकून साथ करायची, ही रचना होती. जुन्या डोंगरी फिडल-बँजोच्या परंपरेत सगळे मिळून एकच चाल वाजवीत राहत. त्या परंपरेपेक्षा ही नवी रचना जॅझच्या वाद्यवृंदाला कितीतरी जवळची होती.

गिटारला मात्र या आळीपाळीत सुरुवातीला जागा नव्हती. एकाच मायक्रोफोनभोवती सगळे उभे असताना बँजो आणि फिडलसमोर साध्या गिटारचा आवाज टिकत नसे, म्हणून तिच्याकडे ठेका सांभाळण्याचे काम आले. आधी खर्जाच्या तारेवर एक स्वर आणि मग वरच्या तारांवर झटका, असा तो ठेका. ओळ संपताना मन्रो यांच्या वाद्यवृंदातले गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट जी छोटी सुरावट वाजवीत, ती ‘जी रन’ म्हणून ओळखली जाते. जी हा सा धरला, तर ती साधारण रे, कोमल ग, शुद्ध ग, प, ध आणि वरचा सा अशी जाते. कोमल गांधारावरून शुद्ध गांधारावर घसरण्याची ही लकब ब्लूजची, म्हणजे जॅझचा पाया असलेल्या संगीताची आहे. ब्लूग्रास गिटारची सर्वांत ओळखीची खूण म्हणून जे सहा स्वर सांगितले जातात, त्यांतच ती बसलेली आहे.

त्याच काळात टेक्सास आणि ओक्लाहोमाकडे बॉब विल्स यांच्यासारख्यांचे वेस्टर्न स्विंग बहरात होते. तिथे फिडल, स्टील गिटार आणि नाचाचा मोठा वाद्यवृंद एकत्र नांदत होते. विल्स यांचे गिटारवादक एल्डन शॅम्ब्लिन एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसत नसत. प्रत्येक मात्रेला किंवा दर दोन मात्रांना कॉर्डचे रूप थोडे बदलत ते खर्जात एक चालती सुरावट उभी करीत. टेक्सासच्या फिडल स्पर्धांत साथ करणारे गिटारवादक आजही याच वाटेने जातात. ब्लूग्रासकडे हा वारसा मुख्यतः फिडलवादकांच्या हातून आला. मन्रो यांच्याकडे अनेक वर्षे वाजवणारे केनी बेकर हे फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांचे चाहते होते आणि व्हासार क्लेमेंट्स यांनी तर १९७० च्या दशकात ‘हिलबिली जॅझ’ याच नावाचा अल्बम केला. फिडलवाल्याने स्विंगचे वळण घेतले की त्याच्यामागच्या गिटारलाही आपली चाल बदलावी लागते.

गिटार पुढे आली ती डॉक वॉटसन यांच्यामुळे. १९५० च्या दशकात ते टेनेसी–नॉर्थ कॅरोलायनाच्या भागात जॅक विल्यम्स यांच्या नाचाच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवीत. त्या वाद्यवृंदात फिडलवादक नव्हता आणि लोकांना चौकोनी नाचासाठी (स्क्वेअर डान्स) फिडलच्या चाली हव्या असत. म्हणून त्या चाली वॉटसन यांनी पिकने गिटारवर बसवल्या. १९६० च्या सुमारास लोकसंगीताच्या नव्या लाटेत त्यांनी साधी गिटार हाती घेतली आणि श्रोते थक्क झाले. नॅशव्हिलचे हँक गारलंड आणि ग्रेडी मार्टिन यांचे ऐकून आपण शिकलो, असे ते सांगत. हे गारलंड पुढे जॅझमध्ये इतके रमले की १९६१ मध्ये त्यांचा अस्सल जॅझ अल्बम बाजारात आला. म्हणजे ज्याला आपण शुद्ध डोंगरी पिकिंग समजतो, त्याच्या उगमापाशीही स्विंगच्या वाद्यवृंदातली इलेक्ट्रिक गिटार आहे. वॉटसन यांची मांडणी मात्र सरळ, प्रत्येक मात्रा भरून काढणारी आहे. त्यांच्या वादनात जॅझ शोधायला जावे तर हाती फारसे लागत नाही. उजव्या हाताची तयारी तेवढी तिकडची आहे.

खरा बदल क्लेरेन्स व्हाइट यांनी घडवला, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो त्यांच्यावरच. मेन राज्यातून कॅलिफोर्नियात गेलेल्या कुटुंबातले हे तरुण वादक भावांबरोबर वाजवत असत. त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये वॉटसन यांना ऐकले आणि त्याच सुमारास जँगो राइनहार्ट यांच्या रेकॉर्डही. राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत जायबंदी झाली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी पॅरिसमध्ये जो गिटारचा जॅझ उभा केला, तो १९३४ पासून ग्रापेली यांच्या व्हायोलिनसह ड्रमशिवाय वाजत होता. फक्त तारवाद्यांचा आणि ठेकाही गिटारवरच धरलेला असा हा जॅझ ब्लूग्रासवाल्यांना आपला वाटावा यात नवल नाही. व्हाइट यांच्या ‘केंटकी कर्नल्स’ने १९६४ मध्ये काढलेल्या निव्वळ वाद्यसंगीताच्या अल्बमचे नावही ‘अ‍ॅपलाचियन स्विंग!’ असेच आहे.

व्हाइट यांनी राइनहार्ट यांच्या सुरावटी फारशा उचलल्या नाहीत. त्यांनी घेतली ती मात्रेशी खेळण्याची मुभा. ब्लूग्रासचा नवखा गिटारवादक ओळ समेवर सुरू करतो, प्रत्येक मात्रेचे दोन समान भाग स्वरांनी भरतो आणि पुढच्या समेवर उतरतो. व्हाइट समेवर गप्प राहत. वाक्य अर्धी मात्रा उशिरा उघडत, मध्ये दोन स्वर बांधून एक मोठी जागा सोडत आणि शेवटचा स्वर समेच्या आधीच टाकून मोकळे होत. त्यामुळे ऐकणाऱ्याला क्षणभर ठेका निसटल्यासारखा वाटतो आणि लगेच मँडोलिनचा झटका त्याला जागेवर आणतो. ही गंमत चालते ती मागचा ठेका अतिशय भक्कम असल्यामुळेच. बँजो अखंड स्वर ओतत असतो, डबल बेस एक आणि तीनवर असतो, मँडोलिन दोन आणि चारवर असते. इतके सगळे भरलेले असताना गिटारने आणखी स्वर घालण्यापेक्षा जागा सोडली तर तीच उठून दिसते, हे व्हाइट यांना विशीच्या आत उमगले होते. १९७३ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. हे नुकसान कधीच भरून निघालेले नाही.

व्हाइट यांची मोठ्या भोकाची १९३५ सालची मार्टिन डी-२८ ही गिटार पुढे १९७५ मध्ये गिटारवादक टोनी राईस यांच्याकडे आली आणि व्हाइट यांचा वारसाही त्यांच्याकडेच आला. राईस लहानपणीच लॉस एंजेलिसमध्ये व्हाइट यांना भेटले होते. १९७५ मध्ये ते बँजोवादक जे. डी. क्रो यांच्या ‘न्यू साउथ’ या वाद्यवृंदात गात आणि वाजवत होते. त्या वाद्यवृंदाचा त्या वर्षीचा अल्बम ब्लूग्रासच्या इतिहासातला मैलाचा दगड मानला जातो. त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियात मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन यांच्या पंचकात दाखल झाले. या पंचकात बँजो नव्हता, ड्रम नव्हते आणि गायनही नव्हते. दोन मँडोलिन, एक व्हायोलिन, एक गिटार आणि एक डबल बेस एवढ्यांतून ब्लूग्रास, राइनहार्ट यांचा स्विंग आणि पुढचा जॅझ यांचे एक नवे रसायन तयार झाले. तिथे तीन कॉर्डच्या शिदोरीवर निभावणे शक्य नव्हते. गिटारवादक जॉन कार्लिनी यांच्याकडून राईस कॉर्डचे शास्त्र शिकले आणि पुढे अनेक वर्षांनी या दोघांनी मिळून दोन गिटारींचा अल्बमही केला. १९७९ च्या ‘हॉट डॉग’ या ग्रिसमन यांच्या अल्बममध्ये खुद्द ग्रापेली वाजले आहेत आणि त्यावरचे गिटारवादक राईस आहेत. नंतर स्वतःच्या ‘टोनी राईस युनिट’मधून त्यांनी ‘मार वेस्ट’वर माइल्स डेव्हिस यांची ‘नार्डिस’ ही रचना वाजवली आणि १९८२ च्या ‘बॅकवॉटर्स’वर ‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’.

असे असूनही, राईस यांच्यातला जॅझ समजून घ्यायचा असेल तर जॅझच्या रचनांपेक्षा १९७९ चा ‘मँझानिटा’ आधी ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन. या अल्बममध्ये गाणी ब्लूग्रासच्या वळणाची आहेत, पण बँजो वगळलेला आहे. बँजो गेला की मधल्या उंचीच्या स्वरांची जागा रिकामी होते आणि ती जागा राईस यांची गिटार घेते. ती केवळ एकल वादनात पुढे येत नाही, गाण्याच्या मागची साथ करतानाही तीच सूत्र धरते. त्यांच्या उजव्या हाताचा ठेका दर बारमध्ये (मात्रांच्या प्रत्येक गटात) तोच राहत नाही. गायकाने ओळ लांबवली की ते झटका मागे घेतात, फिडलने जोर केला की मधल्या तारांवर आडमात्रेचा धक्का देतात. जॅझमधला पियानोवादक एकल वादकाला कॉर्डच्या तुकड्यांनी जसा प्रतिसाद देत राहतो, तीच ही वृत्ती. राईस यांचे वेगवान तुकडे उतरवून घेणारे खूप आहेत, त्यांची साथ उतरवून घेणारे फार थोडे. माझ्या अनुभवात शिकणाऱ्याची प्रगती याच ठिकाणी अडते.

आता एक गोष्ट हातात गिटार घेऊन पाहू, कारण ‘कॉर्डचा बदल ऐकू आणणे’ हे नुसते शब्दांनी कळत नाही. ब्लूग्रासमध्ये ‘साल्टी डॉग ब्लूज’सारख्या गाण्यांत जी, ई सेव्हन, ए सेव्हन, डी सेव्हन आणि पुन्हा जी अशी साखळी येते (सेव्हन म्हणजे कोमल निषाद मिसळलेली कॉर्ड). ती रॅगटाइम आणि सुरुवातीच्या जॅझची आहे, पण ब्लूग्रासवाल्यांनी ती इतकी आपलीशी केली आहे की तिच्याकडे कोणी परकी म्हणून पाहत नाही. या साखळीवर जो वादक जी मेजरचे सात स्वरच फिरवत राहतो, त्याचे वादन चुकीचे लागत नाही, ब्लूजच्या वजनाने ते खपूनही जाते. पण साथ थांबवली तर कोणती कॉर्ड चालू आहे हे त्याच्या सुरांवरून सांगता येत नाही. आता दुसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार पहिली) असे करा: ई सेव्हनवर तिसरा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी आखलेली तिसरी जागा), ए सेव्हनवर दुसरा, डी सेव्हनवर पहिला आणि जीवर मोकळी तार. जी हा सा धरला तर हे स्वर प, तीव्र म, शुद्ध म आणि शुद्ध ग असे उतरतात. कॉर्डचा मूळ स्वर सा धरला तर प्रत्येक स्वर त्या त्या कॉर्डचा गांधार किंवा कोमल निषाद आहे, आणि हेच दोन स्वर कॉर्डची ओळख सांगतात. दुसरी वाटही जवळच आहे. ई सेव्हनवर तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट, ए सेव्हनवर तीच तार मोकळी, डी सेव्हनवर चौथ्या तारेचा चौथा फ्रेट आणि मग सा. म्हणजे कोमल रे, सा, शुद्ध नी, सा.

एवढे चार स्वर साथीशिवाय एकेकटे वाजवले तरी साखळी ऐकू येते. मग मधल्या जागा आपल्या नेहमीच्या ब्लूग्रास सुरावटींनी भराव्यात आणि हे स्वर कॉर्ड बदलताना बरोबर लागतील एवढे पाहावे. त्यानंतर तेच स्वर कॉर्ड बदलण्याच्या अर्धी मात्रा आधी लावून पाहावेत. तिथे व्हाइट यांची लय आणि राईस यांची स्वरदृष्टी एकत्र येते. विशेष म्हणजे यासाठी हात गिटारच्या मानेवर वर न्यावा लागत नाही. पहिल्या चार फ्रेटमध्ये, मोकळ्या तारांसह, ब्लूग्रासच्या घरच्या जागेतच हे सगळे बसते.

साथीबद्दलही एक नमुना देतो. मोकळी जी कॉर्ड सहाही तारांवर वाजवण्याऐवजी सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर दुसरा आणि तिसरीवर चौथा एवढेच दाबावे आणि बाकीच्या तारा डाव्या हाताच्या स्पर्शाने मुक्या ठेवाव्यात. त्यातून सा, ध आणि ग असे तीनच स्वर येतात. झटका दिल्याबरोबर बोटांचा दाब सैल करावा, म्हणजे आवाज छोटा आणि ठोस होतो. फिडलच्या स्विंग चालीमागे, किंवा बँजो नसलेल्या छोट्या मैफलीत, ही साथ फार शोभते. बँजो, मँडोलिन आणि फिडल असा पूर्ण वाद्यवृंद जोरात चालू असताना मात्र ती वापरू नये. तिथे मोकळ्या खर्जाच्या तारांचा घुमारच हवा असतो, तो काढून घेतला तर सगळा वाद्यवृंद हलका पडतो.

यावरून जॅझमधले काय ब्लूग्रासला मानवत नाही, याकडे येतो. नववा, अकरावा, तेरावा स्वर मिसळलेल्या भरगच्च कॉर्ड बँजोच्या सततच्या मोकळ्या तारांशी भिडतात. त्या ग्रिसमन यांच्या पंचकात शोभल्या, कारण तिथे बँजो नव्हता. बीबॉपच्या लांब सुरावटी वेगाने बदलणाऱ्या कॉर्डवर उभ्या असतात. आठ-आठ मात्रा एकच कॉर्ड चालू असलेल्या गाण्यात त्या घातल्या तर कसरत होते, चाल हरवते. ब्लूग्रासच्या एकल वादनात मूळ चाल ओळखू आली पाहिजे, ही अट मी जुनाटपणा मानत नाही. तो या संगीताचा कणा आहे, आणि राईसही गाण्याच्या मध्ये वाजवताना ती पाळत.

पिकच्या दिशेचाही प्रश्न नेहमी निघतो. ब्लूग्रासमध्ये मात्रेवर खाली आणि मधल्या जागेवर वर, हा क्रम सहसा मोडत नाहीत. राइनहार्ट यांच्या परंपरेत तार बदलताना पिक बहुधा खालीच मारतात. दोन्ही पद्धतींना आपापला आवाज आहे, पण ज्याचा पहिला क्रम अजून पक्का नाही त्याने दुसऱ्याच्या मागे लागू नये, उजवा हात गोंधळतो. झुलत्या लयीबद्दल सांगायचे तर मिनिटाला अडीचशेच्या पुढे मात्रा गेल्या की जॅझमध्येही मात्रेचे दोन भाग जवळजवळ समान होतात. फरक उरतो तो जोर कुठे द्यायचा याचा. जॅझवाला वर जाणाऱ्या पिकला वजन देतो, ब्लूग्रासवाला खाली येणाऱ्या. वेग तोच ठेवून नुसता जोर बदलला तरी ओळीचा चेहरा बदलतो.

पुढच्या पिढीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्यांच्यासाठी हा प्रश्नच उरलेला नाही. राईस यांच्याकडे शिकलेले ख्रिस एल्ड्रिज आणि जॅझचे ज्युलियन लाज यांनी मिळून केलेले दोन साध्या गिटारींचे अल्बम ऐकावेत. कोण कुठून आला हे बऱ्याच ठिकाणी सांगता येत नाही.

म्हणून शिकणाऱ्याला माझा सल्ला असा. जॅझची जाडजूड पुस्तके उघडण्यापूर्वी मेट्रोनोम दोन आणि चार या मात्रांवर लावून आपल्या नेहमीच्या चाली वाजवाव्यात. जॅझवाले असा सराव करतातच, आणि ब्लूग्रासमध्ये मँडोलिनचा झटका नेमका तिथेच पडतो, त्यामुळे ही मेहनत दोन्हीकडे उपयोगी पडते. मग वर दिलेली साखळी जी, सी आणि डी या तिन्ही ठिकाणांहून बसवावी. त्यानंतर व्हाइट यांचे एखादे एकल वादन घेऊन स्वर न उतरवता फक्त त्यातल्या मोकळ्या जागा टाळी देत लिहून काढाव्यात, आणि त्याच जागा ठेवून स्वतःचे स्वर घालावेत. जॅझच्या जुन्या रचना बी फ्लॅटसारख्या पट्ट्यांत असतात म्हणून घाबरू नये. तिसऱ्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की ओळखीचीच जी कॉर्ड बी फ्लॅट होते आणि मोकळ्या तारांचा आवाजही हाताशी राहतो. सेव्हन, सिक्स आणि डिमिनिश्ड या तीन प्रकारांपलीकडच्या कॉर्ड पहिली काही वर्षे लागत नाहीत. ज्या दिवशी बँजोशिवाय दोन-तीन वाद्यांची साथ करण्याची वेळ येईल, त्या दिवशी त्या शिकायला घ्याव्यात, कारण त्या ऐकू येतील अशी जागा तिथेच असते.